विजेरी खिशात असावी

“मोबाईलमध्ये दिवा असताना निराळी विजेरी कशाला बाळगायची?” असा प्रश्न हल्ली कोणीही विचारतो, आणि विचारणारा बहुधा उत्तराची वाट पाहत नाही, या प्रश्नाला उत्तर नाहीच, अशी त्याची खात्री असते. मला मात्र उत्तर आहे असे वाटते, आणि ते जरा सविस्तर मांडावे म्हणून हा लेखप्रपंच. माझे म्हणणे एवढेच, की बोटभर लांबीची एक साधी विजेरी प्रत्येक जाणत्या माणसाच्या खिशात आणि सायंकाळी शिकवणीहून परतणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या दप्तरात असलीच पाहिजे; आणि ती विकत घेताना तिचा उजेड जास्तीत जास्त किती, हे विचारण्याआधी कमीत कमी किती, हे विचारले पाहिजे. या दुसऱ्या विधानाचे वाचकांना आश्चर्य वाटेल. त्याची कारणे पुढे येतीलच.

प्रथम आपल्या गावचा अंधार पाहू. भोपाळ १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि जुन्या शहराच्या दक्षिणेस नवी वस्ती वाढू लागली. सरकारी नोकरीच्या निमित्ताने नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून पुष्कळ मराठी कुटुंबे येथे आली व येथलीच झाली. या नव्या शहरातलीच चार इमली ही वसाहत. नावाचे मराठी करायचे तर ‘चार चिंचा’! चिंचा आता चारच आहेत की चारशे, हे मोजायला कोणी जात नाही. पण झाडी विपुल आहे, बंगल्यांची आवारे प्रशस्त आहेत, आणि एकांत पार्काच्या बाजूने जाताना आपण राजधानीत आहोत याचा क्षणभर विसर पडावा, असा गारवा आहे. दिव्याचे खांब आहेत, दिवेही लागतात. परंतु दिवा पानांच्या वर आणि माणूस पानांच्या खाली, अशी येथील रचना असल्यामुळे खांबाखाली उजेडाचे एक वर्तुळ, मग पंधरा-वीस पावले काळोख, पुन्हा एक वर्तुळ, असा रस्ता कापावा लागतो. उजेडातून काळोखात शिरणाऱ्या माणसाला पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. जो सदैव काळोखात चालतो त्याच्यापेक्षाही या माणसाची स्थिती बिकट असते, हे ध्यानात घ्या. डिसेंबरच्या आरंभी तर येथे साडेपाच वाजून गेले की सूर्य मावळतो. मुले घरी येतात ती सात-साडेसातला.

चिंचेच्या झाडावर भूत असते, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. भुताविषयी मला काही सांगायचे नाही. झाडाखाली पडलेल्या पाचोळ्याविषयी सांगायचे आहे.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडण्यात आला. त्यांतील जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घडतात. आणि ज्या राज्यांना या संकटाची झळ अधिक पोहोचते, त्यांत मध्य प्रदेशाचे नाव आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावे प्राथमिक शाळेपासून आपण पाठ करतो. पण त्यांतील मण्यार पक्की निशाचर आहे, आणि घोणस व फुरसे हेही मुख्यतः रात्रीच बाहेर पडतात, ही गोष्ट पाठांतरात हरवते. दंश बहुतेक वेळा पायाला होतो, कारण माणसाचा पाय नकळत सापावर किंवा त्याच्या अगदी जवळ पडतो. सापाला माणसाचा पाठलाग करण्याची हौस नसते. म्हणजे या मृत्यूंपैकी कितीतरी मृत्यूंच्या मुळाशी विषाइतकाच, दोन पावले पुढचे न दिसणे हा दोष आहे. दोन पावले पुढचे दिसण्यास किती उजेड लागतो? फारच थोडा.

विदर्भात वा मराठवाड्यात ज्यांचे आप्त शेती करतात, त्यांनी त्यांना एकदा विचारून पाहावे. तेथे शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळत आली आहे, काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी एका हातात फावडे आणि दुसऱ्या हातात ‘बॅटरी’ घेऊन पिकाला पाणी द्यायला निघतो. (विजेरी हा शब्द तेथे पुस्तकातच राहिला, बोलण्यात बॅटरी, आणि आत घालायचा तो सेल.) या रात्रीच्या पाण्याची अडचण एवढी मोठी, की दिवसा वीज देता यावी म्हणून महाराष्ट्र शासनाला २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी ही स्वतंत्र योजना काढावी लागली. त्या शेतकऱ्याला “मोबाईलचा दिवा पुरेल की!” असे सांगून पाहा. तो हसेल.

त्याच्या हसण्याचे कारण शहरातल्या आपल्यालाही लागू आहे. मोबाईलचा दिवा जवळचा कागद वाचण्यापुरता किंवा पडलेली किल्ली शोधण्यापुरता ठीक आहे. तो उजेड चोहीकडे पसरतो, म्हणून चार पावलांपुढे जाता जाता विरून जातो. पावसात ओल्या बोटांनी काच ऐकत नाही. कुलूप उघडताना तो दातांत धरता येत नाही, आणि हातातून निसटला तर काही हजारांचे नुकसान होते. पण ही सारी किरकोळ कारणे झाली. खरे कारण असे, की ज्या घटकेला उजेडाची अत्यंत निकड असते, त्याच घटकेला दूरध्वनीचीही असते. कोणी जिन्यावरून पडले, रस्त्यात स्कूटर घसरली, अंगणात कोणाला काही चावले, तर १०८ क्रमांक फिरवून मोबाईल कानाशी धरायचा, की जखमेवर उजेड पाडायचा? मोबाईल कानाला लावला की त्याचा दिवा भिंतीकडे पाहू लागतो. शिवाय दिवा चालू ठेवल्याने मोबाईलची वीज सरते ती वेगळीच. दोन निराळ्या कामांना दोन निराळी साधने हवीत, यात चैन नाही.

आता या वस्तूची थोडी कुळकथा. ती सांगण्याचे कारण भोपाळकरांना लवकरच कळेल. झॉर्झ लेक्लांशे या फ्रेंच माणसाने १८६६ साली जस्त व कार्बन यांचा ओला विद्युत्‌घट बनविला. गास्नर या जर्मन गृहस्थाने १८८६ मध्ये तो कोरडा, म्हणजे न सांडणारा केला. मग १८९९ च्या जानेवारीत अमेरिकेत डेव्हिड मिसेल याला नळकांड्याच्या आकाराच्या हातदिव्याचे एकस्व मिळाले. आरंभीचे सेल इतके दुबळे, की दिवा एकसारखा लावून ठेवता येत नसे. बटण दाबायचे, क्षणभर पाहायचे, सोडायचे. इंग्रजीत त्याला ‘लखलखणारा दिवा’ अशा अर्थाचे फ्लॅशलाइट हे नाव पडले ते यामुळे. हा दिवा विकणाऱ्या कंपनीची मुद्रा पुढे ‘एव्हरेडी’ झाली, आणि ती अमेरिकेच्या युनियन कार्बाइड या मोठ्या कंपनीच्या छत्राखाली गेली. १९३४ साली कलकत्त्यात तिची भारतीय शाखा स्थापन झाली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या उशाशी असलेली दोन किंवा तीन सेलची, चकचकीत पत्र्याची विजेरी बहुधा हीच. लाल सेल आणि त्यावरील मांजर हे चित्र भारतातल्या खेड्यापाड्यांत ओळखीचे होते.

याच भारतीय कंपनीचा कीटकनाशकांचा कारखाना भोपाळच्या उत्तर भागात होता, आणि १९८४ च्या डिसेंबरातील २ व ३ तारखांमधल्या रात्री त्याच कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे गेली. त्याहून कितीतरी अधिक माणसे आजन्म आजारी झाली. त्या रात्री विजेरीचा काही उपयोग नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. डोळेच उघडेनात, तेथे दिवा काय करणार? तथापि देशभर घराघरांत उजेड देणारी वस्तू आणि या शहरावर पसरलेला तो काळोख ही दोन्ही एकाच कंपनीच्या नावावर आहेत, याचा विसर भोपाळात वाढणाऱ्या मुलांना पडू नये. त्या कंपनीतला आपला हिस्सा अमेरिकन मालकांनी १९९४ साली कलकत्त्याच्या मॅक्लिऑड रसेल कंपनीला विकला आणि पुढे तिचे नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज असे झाले. आज दुकानात तो सेल घ्यावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मालक बदलले आहेत. नाव तेच आहे. मी कोणाला उपदेश करीत नाही.

जुन्या विजेरीचा आकार मुसळासारखा का होता आणि नवीचा बोटाएवढा कसा झाला, याचे उत्तर जपानात आहे. तापलेल्या तारेचा दिवा विजेचा बहुतेक भाग उष्णतेत उधळतो. प्रकाश देणारे अर्धवाहक दिवे, ज्यांना आपण एलईडी म्हणतो, ते तसे करीत नाहीत. पण १९६० च्या दशकापासून ते लाल व हिरव्या रंगांत मिळत, निळा काही केल्या पुरेसा तेजस्वी होईना, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड बनेना. आकासाकी, आमानो व नाकामुरा यांनी ते कोडे सोडविले. १९९३ मध्ये नाकामुरा यांचा तेजस्वी निळा दिवा आला, आणि त्यावर पिवळ्या स्फुरकाचा लेप देऊन काही वर्षांतच पांढरा झाला. २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्याबद्दलच तिघांना विभागून मिळाले. त्यांच्या या शोधामुळेच आज एका पेन्सिल सेलवर पायापुरता मंद उजेड कितीतरी रात्री पुरतो.

परंतु माणसाचा स्वभाव असा, की थोडक्यात भागते म्हटल्याबरोबर त्याला पुष्कळ हवेसे वाटते. बाजारात आता विजेऱ्यांची जाहिरात ल्युमेन या एकाच आकड्यावर चालते. एकाने हजार म्हटले की दुसरा दहा हजार म्हणतो. यातले पुष्कळ आकडे खोटे असतात, आणि जे खरे असतात तेही बहुधा पहिल्या मिनिटापुरते. विजेरी तापली की आतील यंत्रणा उजेड आपोआप उतरविते. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती एकवटला आहे हे कँडेला या मापाने कळते. विजेरीचा पल्ला मोजण्याचे एक मानक अमेरिकेत २००९ साली ठरले. जेथे तिचा उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स उरतो, तेथवर तिचा पल्ला. आता गणित करून पाहा. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो, म्हणून १०,००० कँडेलाच्या विजेरीचा पल्ला २०० मीटर भरतो. तो दुप्पट करून ४०० मीटर करायचा तर दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे ४०,००० कँडेला लागतात. नववीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण वर्गात सोडविता येईल. आणि सोडवून झाल्यावर त्यांनी एक साधा प्रश्न विचारावा: शिकवणीहून घरी येताना ४०० मीटरवरचे पाहायचे कोणाला?

आपल्याला पाहायचे असते ते पायाशी, कुलपाशी, जिन्यावर, खाटेखाली. तेथे भरमसाट उजेड केवळ निरुपयोगी नव्हे, अपायकारक आहे. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे घेतो, आणि प्रखर उजेडाचा एक झोत ती सगळी कमाई क्षणात उधळतो. मध्यरात्री पाणी प्यायला उठलेला माणूस हजार ल्युमेनची विजेरी पांढऱ्या भिंतीवर टाकतो, स्वतःच दिपतो, शेजारी झोपलेल्यांना जागे करतो, आणि विजेरी विझविल्यावर उंबऱ्याला ठेचकाळतो. म्हणून म्हणतो, सर्वात मंद उजेड किती, हे आधी विचारा. दोन ते पाच ल्युमेन घरासाठी, पन्नास ते शंभर रस्त्यासाठी, आणि क्वचित प्रसंगी दोन-तीनशे. इतके ज्या विजेरीत आहे, तिच्यात सारे आले. आणि ती लावताच प्रथम मंद उजेडच लागला पाहिजे. प्रखर, मध्यम, मंद अशा क्रमाने लागणारी विजेरी मला एखाद्या रागीट गृहस्थासारखी वाटते. आधी ओरडून घेणार, मग हळू बोलणार.

उजेडाच्या रंगाकडे कोणी लक्षच देत नाही. निळसर पांढरा उजेड फार प्रखर भासतो, पण त्यात तांबड्या-तपकिरी छटा मरतात. सुक्या पानांत पडलेली घोणस तपकिरीवर तपकिरी असते. तिच्या अंगावरचे गोल ठिपके वेगळे ओळखू यायचे तर किंचित पिवळसर, रंग नीट दाखविणारा उजेड बरा. दुकानात आपल्या तळहातावर उजेड टाकून पाहावे. हात प्रेतासारखा फिका दिसला तर ती विजेरी खाली ठेवावी.

दुकानातच दुसरी परीक्षा करावी. डोळे मिटून विजेरी हातात घ्यावी आणि ती लावून पाहावी. पुढची बाजू कोणती, बटण कोठे, हे बोटांना तत्काळ कळले पाहिजे. कारण ती लागणार अंधारातच. उतरत्या मेजावर ठेवली असता ती गडगडत जाऊ नये. खिशात आपोआप दबून लागेल इतके बटण हलके नसावे. वापरायच्या पद्धतींची लांबलचक यादी, लुकलुकणारा उजेड, तीन दाबांत एक आणि चार दाबांत दुसरा असले खेळ नकोत. वेगाने लुकलुकणारा उजेड तर काही अपस्माराच्या रुग्णांना झटका आणू शकतो. पाण्याविषयी वेष्टनावर आयपीएक्स४ असे लिहिले असेल तर ती पावसाचे शिंतोडे सोसते. आयपीएक्स७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकते. भोपाळच्या श्रावणात पहिली चालेल, दुसरी निश्चिंत करील.

राहता राहिला सेल, आणि येथे मतभेदाला जागा आहे. हल्ली बहुतेक विजेऱ्या मोबाईलच्याच तारेने भारित होतात. सोय मोठी, यात शंका नाही. पण आतला सेल बाहेर काढता येत नसेल, तर तो चार-पाच वर्षांत थकला की धडधाकट विजेरी कचऱ्यात जाते. आणि वादळाने दोन दिवस वीज गेली, म्हणजे जेव्हा विजेरीची खरी गरज, तेव्हाच ती भरायला वीज नसते. मध्य प्रदेशात २००३ ची विधानसभा निवडणूक वीज, रस्ते आणि पाणी या तीन शब्दांवर लढली गेली होती, हे आजच्या विद्यार्थ्यांना पालक सांगतील. तशी स्थिती आता नाही. तरीही विद्यार्थ्यासाठी मी एका साध्या पेन्सिल सेलवर चालणारी विजेरीच सुचवीन. तो सेल किराणा दुकानात, पानाच्या ठेल्यावर, पचमढीच्या वाटेवर, कोठेही मिळतो. पुनर्भारित होणारे निकेलचे पेन्सिल सेल घरी ठेवले तर खर्चही वाचतो.

लिथियमच्या गोल सेलांशी मात्र खेळ नको. ते उत्तम असतात, पण त्यांत पुष्कळ ऊर्जा कोंबलेली असते. सुटा सेल किल्ल्यांसह खिशात टाकला आणि दोन्ही टोके किल्लीने जोडली गेली, तर तो भडकू शकतो. पेन्सिल सेलच्याच आकाराचा एक लिथियम सेल मिळतो. त्याचा विद्युत्‌दाब दीड नव्हे, तर सुमारे पावणेचार व्होल्ट असतो. तो भलत्या विजेरीत किंवा घड्याळात घातला तर ते जळते. आणि फसवणूक ओळखण्याची एक सोपी खूण: १८६५० या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. त्यावर नऊ हजार नऊशे असे छापलेले दिसले, तर दुकानदाराला नमस्कार करून परत यावे.

वापराविषयी थोडेच सांगायचे आहे. विजेरी डोळ्यांपाशी न धरता कमरेच्या खाली धरावी. उजेड तिरपा पडला की खड्डा, दगड, पानांतली हालचाल यांच्या सावल्या उमटतात. वरून पडला की सारे सपाट दिसते. कपाळाला बांधायचे दिवे गिर्यारोहकांना सोयीचे खरे, पण पायवाटेवर त्यांत हा दोष राहतोच. झोत दोन-तीन पावले पुढे ठेवावा आणि पाय जरा वाजवत टाकावे. पदपथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरच्या वाहनांकडे तोंड करून चालावे. आपल्याच पायांवर पडलेला उजेड मोटारवाल्याला आपण कोठे आहोत ते सांगतो. समोरून येणाऱ्याच्या तोंडावर उजेड टाकणे हा असभ्यपणा आहे. ओळख पटवायची असली तर आपल्या पायांपुढे उजेड टाकून हाक मारावी: “कोण, काका का?” काका असले तर ओ देतील.

गायी, म्हशी, कुत्री, मांजरे यांच्या डोळ्यांत पडद्यामागे एक परावर्तक थर असतो, त्यामुळे त्यांचे डोळे लांबूनच चमकतात. रस्त्यात बसलेली म्हैस अशी आधी कळते. कलियासोत-केरव्याच्या बाजूला वाघांचा वावर आहे, तेथे मात्र अंधार पडल्यावर विजेरी घेऊन नव्हे, घरीच राहून सावध असावे. मोठ्या मुलांनी गडकोटांवर जाताना एक गोष्ट शिकून घ्यावी: संकटाची खूण म्हणून मिनिटात सहा वेळा उजेड दाखवायचा, मग एक मिनिट थांबायचे, पुन्हा सहा वेळा. डोंगरात हा संकेत जगभर ओळखला जातो.

पावसाळ्यात बूट घालण्यापूर्वी आत एकदा उजेड टाकावा. जमिनीवर झोपण्याची वेळ आली तर अंथरुणाखाली व भोवती टाकावा, कारण मण्यारीचा दंश झोपलेल्या माणसालाच पुष्कळदा होतो. साप उजेडाने पळत नाही, आणि उजेडाकडे येतही नाही. आपल्याला तो दिसतो, एवढाच लाभ. दिसला तर थांबावे, मागे सरावे, उजेड त्याच्यावर ठेवून मोठ्या माणसांना हाक मारावी. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलू न देता रुग्णाला लगेच मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यावे. उतारा तेथेच आहे, मांत्रिकाकडे नाही.

वापरून संपलेल्या सेलांचे काय करायचे, हा प्रश्न भोपाळात तरी टाळता येणार नाही. युनियन कार्बाइडच्या आवारात व भोवताली टाकलेल्या रसायनांनी तेथील भूजल नासले आणि आसपासच्या वस्त्यांना निराळ्या नळाने पाणी द्यावे लागले. कारखान्यात साठून राहिलेला ३३७ टन घातक कचरा जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, पीथमपूरला हलविण्यात आला. एक पेन्सिल सेल म्हणजे काही तो कारखाना नव्हे. पण तो आंब्याच्या आळ्यात पुरणे किंवा पाचोळ्याबरोबर जाळणे हे त्याच जातीचे वागणे आहे. केंद्र सरकारने २०२२ साली केलेल्या नियमांप्रमाणे वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपण एवढे करावे, की घरातले संपलेले सेल एका डब्यात निराळे ठेवावेत आणि कचरागाडीवाल्याला ते वेगळे म्हणून सांगून द्यावेत. लिथियमच्या सेलांच्या टोकांना आधी चिकटपट्टी लावावी. नाहीतर गाडीतच आग लागायची.

जस्ताच्या साध्या सेलचे बाहेरचे भांडे हेच त्याचे जळण असते. सेल वापरला की ते आतून खाल्ले जाते, आणि शेवटी त्यातला क्षार गळून विजेरीचे पोट गंजते. म्हणून संपलेला सेल आत राहू देऊ नये. जुना व नवा सेल एकत्र घालू नये. आणि महिनाभर विजेरी लागणार नसेल तर सेल काढून ठेवावा. दर महिन्याच्या १ तारखेला वर्तमानपत्राचे बिल चुकते करताना घरातल्या सगळ्या विजेऱ्या एकेकदा लावून पाहाव्यात. दाराशेजारच्या खिळ्याला एक, देवघराच्या कोनाड्यात एक, आणि मुलांच्या दप्तरातली एक. पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते घरातल्या सर्वात धाकट्या मुलाकडे द्यावे. त्याला ते फार आवडते.